बारव दुरुस्ती : प्रकल्प नोंदी (कोरेगाव तालुका, जि. सातारा)

१८ जानेवारी

पहिली पाहणी. बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, नंदा प्रकारची: उतरायला एकच वाट. २७ पायऱ्या, त्यांच्या शेवटी कमान, कमानीपलीकडे चौकोनी कुंड. पायऱ्यांची रुंदी १.९ मीटर, कुंड आतून ५.२ बाय ५.२. सगळं बांधकाम काळ्या पाषाणाच्या घडीव चिऱ्यांचं. पाणी हिरवं, त्यावर शेवाळ आणि प्लॅस्टिकची पाकिटं. काठी टाकली तर पाण्याखाली दीड मीटरवरच गाळ लागतो.

लगेच दिसलेल्या गोष्टी: उत्तर भिंतीत उंबर, बुंधा मनगटाएवढा. पश्चिम भिंतीच्या वरच्या भागात सिमेंटच्या दर्जा (दर्ज म्हणजे दोन चिऱ्यांमधला सांधा), काही वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीतल्या. त्याच भिंतीला मध्यावर पोट आलेलं आहे. ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडून मोजलं, ३८ मिलिमीटर. अकरा पायऱ्या हलतात. पूर्वेच्या कोनाड्यात साती आसरांचे, म्हणजे पाण्याच्या देवींचे, शेंदूर लावलेले सात तांदळे (दगड), त्यांना ताजं हळदकुंकू. म्हणजे बारव ओस पडलेली नाही, फक्त पाणी कुणी वापरत नाही.

२६ जानेवारी

ग्रामसभा. विषयपत्रिकेत बारवेचा विषय सातवा होता, चर्चा मात्र पाऊण तास चालली. मागण्या आल्या त्या अशा: पायऱ्यांवर फरशी, भिंतींना ऑइलपेंट, वर पत्र्याचं छत, रंगीत दिवे आणि कमानीवर गावाचं नाव. या मागण्यांना हसण्यात अर्थ नाही. गावात ‘काम झालं’ हे दिसावं लागतं आणि जुनं दगडी काम नीट झालं तर ते काही केल्यासारखं दिसतच नाही.

एकाने विचारलं, आपली बारव युनेस्कोत जाईल का? जुलै २०२५ मध्ये बारा किल्ल्यांची मालिका यादीत गेली, त्यात आपल्या जिल्ह्यातला प्रतापगड आहे. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासचं पठारही गेलं. त्यामुळे प्रश्न स्वाभाविक होता. उत्तर दिलं: नाही जाणार, आणि त्याची गरजही नाही. पण तिथे पाळतात ती एक गोष्ट इथे घेता येईल. जागतिक वारसा समितीने २००७ मध्ये आपल्या उद्दिष्टांत ‘स्थानिक समाज’ हे पाचवं उद्दिष्ट घातलं. मालीतल्या जेन्नेची मातीची मशीद यादीत आहे, पण तिला दरवर्षी लिंपण करतं ते तिथलं गाव. तो दिवस चुकला तर पुढच्या पावसांत भिंती झिजत जातील.

ठराव झाला. दुरुस्ती चुन्यात, सिमेंट नाही, पाणी पुन्हा वापरात आणायचं. छताचा विषय पुढे ढकलला, दिव्यांचाही.

२ फेब्रुवारी

कागद. बारव राज्य संरक्षित स्मारकांच्या यादीत नाही, हे पुरातत्त्व संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात लेखी विचारून घेतलं. यादीत असती तर महाराष्ट्राच्या १९६० च्या अधिनियमाप्रमाणे त्यांच्या परवानगीशिवाय एक दगडही हलवता आला नसता. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती तर १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. असं काम काढणाऱ्याने पहिली चौकशी ही करावी, गाळ नंतर.

दुसरा कागद सातबारा. बारव गावठाणात नाही, खासगी गटात आहे आणि एका भावकीच्या चार घरांचे त्यात हिस्से आहेत. दोन घरं मुंबईला. चौघांची संमती स्टँपपेपरवर घेतली. ग्रामसभेचा ठराव कितीही एकमुखी असला तरी हिस्सेदाराची सही नसेल तर काम अर्ध्यावर अडतं. म्हाताऱ्या माणसांकडून पाणीपाळीची माहितीही लिहून घेतली: कोणत्या तुकड्याला मोटस्थळ (मोटेच्या पाण्यावर भिजणारी जमीन) म्हणत, पाट कुठून जायचा, पाळी कशी ठरायची. पुढे पाणी वाटायची वेळ आली की याचाच आधार लागेल.

९ फेब्रुवारी

मोजमाप आणि फोटो. प्रत्येक भिंतीचे मोबाइलने समोरून फोटो, शेजारच्या दोन फोटोंत किमान ७० टक्के भाग समान, चौकटीत एक मीटरची पट्टी. हे सकाळी साडेआठच्या आत उरकलं, ऊन आत शिरलं की अर्धी भिंत काळी येते. हलणाऱ्या चिऱ्यांना खडूने क्रमांक दिले. ऑइलपेंटचे आकडे घालू नयेत, ते पुढे निघत नाहीत.

उघड्या दर्जांची लांबी एकूण ४१० मीटर भरली. सरासरी रुंदी १२ मिमी, खोली ४० मिमी धरली तर भरायला मसाला (चुना-वाळूचं मिश्रण) लागतो जेमतेम २०० लिटर. छत्तीस चिरे काढून बसवायचे, त्यांच्या गादीला आणि पाठीमागे भरायला आणखी साडेचारशे लिटर. सांडलवंड धरून पाऊण घनमीटर. हा आकडा ऐकून सगळ्यांना आश्चर्य वाटलं, ट्रकभर माल येईल अशी तयारी होती. खर्च मालाला नाही, हाताला आहे.

१४ फेब्रुवारी

चुना विरवला. कळीचा चुना (भाजलेला, अजून न विरवलेला) १६० किलो, चाळीसच्या चार गोण्या. आधी परीक्षा: मुठीएवढा खडा बादलीत टाकला की काही मिनिटांत फुसफुसून फुटला पाहिजे. एका गोणीतला खडा तसाच बसून राहिला. गोणी फाटलेली होती, चुना हवेतल्या ओलाव्यानेच मेला होता. ती परत केली आणि दुसरी आणली.

टाकीत आधी पाणी, सुमारे ५०० लिटर, मग त्यात थोडा थोडा चुना. चुन्यावर पाणी ओतायचं नाही. तसं केलं तर खालचा चुना उकळून अंगावर उडतो. डोळ्यांना गॉगल, हातात रबरी मोजे आणि शेजारी स्वच्छ पाण्याची भरलेली बादली. डोळ्यात गेलाच तर तेल वगैरे घालत बसू नये, पंधरा-वीस मिनिटं पाण्याने धुवावं आणि थेट दवाखाना गाठावा.

घोटून, बारीक जाळीतून गाळून खड्ड्यात सोडला. वर चार बोटं पाणी ठेवायचं, किमान तीन आठवडे मुरू द्यायचा. जाळीवर राहिलेले न भाजलेले खडे फेकले. असा खडा मसाल्यात राहिला तर महिन्यांनी विरतो आणि दर्ज फोडून बाहेर येतो.

२१ फेब्रुवारी

दोन गवंडी आणि गावातली चार मुलं यांना घेऊन साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर पाहिली. अष्टकोनी, सुमारे ११० फूट खोल. विरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६ (इ.स. १७१९–१७२४) या काळात बांधलेली. पाहायचं होतं ते वरचं काम: मोटेचं पाणी पडतं ते थारोळं किती पुढे आलेलं असतं, मोटेची लाकडं कुठे बसत, पाटाला उतार कसा दिला आहे.

परत येताना एका मुलाने विचारलं, मारुतीच्या देवळापुढे बसायला ठेवलेले ते दोन पन्हाळीसारखे दगड थारोळ्याचेच नाहीत का? संध्याकाळी पट्टी लावली. रुंदी बारवेच्या पश्चिम काठावरच्या खाचेशी तंतोतंत जुळते.

७ मार्च

मसाल्याचे नमुने. नदीची वाळू घेतली नाही, क्रश सँड घेतली. तिच्यात भुकटी फार असते. बाटलीत वाळू आणि पाणी हलवून ठेवलं तर वर बोटभर गाळाचा थर बसला. म्हणून तीन पाण्यांनी धुतली. सुरखीसाठी (सुरखी म्हणजे विटांची भुकटी) मऊ भाजलेल्या, तांबूस विटा निवडल्या. काळपट खंगर वीट दिसायला कणखर, पण तिची भुकटी चुन्याशी धरत नाही.

चार मिश्रणं केली:
अ – चुना १, वाळू ३.
आ – चुना १, वाळू दीड, सुरखी दीड.
इ – आ प्रमाणेच, पण हिरडा-गुळाच्या पाण्यात मळलेलं.
ई – इ प्रमाणेच, पण पाण्यात गूळ तिप्पट.

हिरडा-गुळाचं पाणी २४ फेब्रुवारीला घातलं होतं: २०० लिटर पाण्यात ४ किलो कुटलेला हिरडा आणि ४ किलो गूळ, झाकून ठेवलेलं. प्रत्येकाच्या सहा वड्या, तीन सावलीत ओल्या गोणपाटाखाली, तीन एका दिवसानंतर पाण्यात बुडवून.

१२ मार्च

उपसा सुरू. आज फक्त ३० सेंटिमीटर.

यावर वाद झाला. दोन पंप लावले तर एका दिवसात कुंड कोरडं होईल, मग इतके दिवस कशाला? कारण असं: भिंतीच्या पाठीमागची माती पाण्याने गच्च असते. आतलं पाणी तिला उलट रेटून धरतं. ते एका दिवसात काढलं की मागचा रेटा तसाच राहतो आणि भिंत आत येते. जुन्या विहिरी उपसताना ढासळतात त्या बऱ्याचदा यामुळेच. दिवसाला एक फूट, रात्री थांबायचं आणि सकाळी पोट आलेल्या जागी ओळंबा लावून आकडा लिहायचा.

पंप पाणबुडीच. डिझेलचं इंजिन कुंडात किंवा कमानीत उतरवायचं नाही, धुराचा वायू तळाशी साठतो आणि माणूस जागच्या जागी कोसळतो.

२३ मार्च

गाळ. हिशोबाने ६२ घनमीटर, म्हणजे २२ ब्रास. उकरल्यावर फुगतो, त्यामुळे ट्रॉल्या २८ धरल्या आहेत. काठावर यारी (ओझं वर ओढायचं साधन) उभी केली, पण काठाच्या चिऱ्यांवर नाही. दीड मीटर मागे, फळ्या टाकून.

रोज उतरण्याआधी वायूमापक दोरीने तळापर्यंत सोडतो. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली किंवा हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या वर दिसलं की कुणी उतरायचं नाही. आज पहिला थर हलवताच सडका वास आला आणि आकडा १४ वर गेला. सगळे वर. ब्लोअर चाळीस मिनिटं चालवला, मग पुन्हा मापलं. दिवा किंवा मेणबत्ती सोडून पाहायची जुनी पद्धत इथे कामाची नाही. या वायूने ज्योत विझत नाही आणि मिथेन असला तर ज्योतच घात करते.

२९ मार्च

श्रमदान, साठेक माणसं. तळात एका वेळी सहाच, बाकी सगळे पायऱ्यांवर साखळी करून आणि वर चाळणीवर. गाळ चाळल्याशिवाय ट्रॉलीत जात नाही. गुजरातमधल्या पाटणची राणी की वाव ही पायऱ्यांची विहीर शतकानुशतकं गाळाने भरून राहिली म्हणून तिची शिल्पं इतकी ताजी राहिली. गाळ म्हणजे निव्वळ घाण नव्हे. आजवर निघालेलं: मोटेची लोखंडी कडी, पितळेच्या घागरीचा गळा, खांबाच्या तळखड्याचे तीन तुकडे आणि प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींचे सांगाडे, दोन ट्रॉल्या भरतील एवढे.

नाणी निघाली तर काय, हे आधीच फळ्यावर लिहून ठेवलं आहे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. अजून तरी तशी वेळ आली नाही.

वरचा प्लॅस्टिकमिश्रित थर वेगळा टाकला. खालचा काळा गाळ हिस्सेदारांनी शेतात नेला.

३ एप्रिल

तळ लागला. एकूण खोली काठापासून ११.४ मीटर. खालचे सात थर कोरडे आहेत, दर्जांत चुना कधी घातलेलाच नव्हता. ईशान्य कोपऱ्यात दोन झरे, त्यांचं पाणी याच फटींतून येतं. बांधणाऱ्याने या फटी मुद्दाम सोडल्या आहेत. एका गवंड्याला त्या ‘राहून गेलेल्या’ वाटल्या आणि भरायच्या होत्या. या सात थरांना हात लावायचा नाही. भिंतीवर खडूची आडवी रेघ मारली आहे, तिच्या खाली थापी न्यायची नाही.

५ एप्रिल

नमुन्यांना चार आठवडे झाले. अ सावलीत बरं, पण पाण्यात बुडवलेल्या वड्या दुसऱ्याच दिवशी विरघळल्या. निव्वळ चुना हवा खाऊन कडक होतो, पाण्यात त्याला हवा नाही. आ आणि इ पाण्यातही टिकले, सुरखीमुळे. इ खिळ्याने ओरखडून निघत नाही आणि थापीवर लोण्यासारखं चालतं. ई अजून मऊ आहे आणि त्यावर मुंग्या. गूळ घातला की मजबुती येते एवढंच ऐकून हात सैल सोडणाऱ्यांनी ई पाहावं. ठरलं: सगळीकडे इ.

८ एप्रिल

उंबर. याला तीन सभा लागल्या. औदुंबराला कुऱ्हाड लावायला गावात कुणी तयार नाही, आणि ते चूक आहे असं म्हणणं हा आमचा अधिकार नाही. दुसरीकडे मुळं चौथ्या थरापर्यंत गेलेली आणि तीन चिरे पुढे ढकलले गेलेले. पुजाऱ्यांनीच मार्ग काढला: आधी पूजा, मग झाड मुळासकट काढून ओढ्याकाठी लावायचं. जगलं तर उत्तम, पण बाजूला एक रोपही लावून ठेवलं आहे.

काढायची रीत: झाड ओढायचं नाही. मूळ चिऱ्यांमध्ये पाचरीसारखं बसलेलं असतं, ओढलं की दगड घेऊन येतं. वरून थर उकलत जायचं, प्रत्येक चिरा क्रमांकासह खाली उतरवायचा आणि मूळ उघडं पडलं की मग सोडवायचं. नऊ चिरे काढावे लागले. नुसती फांदी छाटली असती तर पावसाळ्यात चौपट फुटवा आला असता. मुळं मारायचं औषध वापरलं नाही, खाली पाणी आहे.

१५ एप्रिल

पश्चिम भिंतीवरचं सिमेंट, ९ चौरस मीटर. छन्नी आणि एक पौंडी हातोडी. ग्राइंडर वापरला तर काम चौपट वेगाने होईल, पण चिऱ्याची धार जाते आणि धार गेली की दर्ज कायमची रुंद होते. एका माणसाचं दिवसाचं काम पाऊण चौरस मीटर. जिथे सिमेंट दगडाला घट्ट धरून आहे तिथे सोडून दिलं, उगाच कपचा काढण्यात अर्थ नाही.

खालच्या दोन दर्जा उघडताच त्यांतून पाणी आलं. आधी बोटभर धार, मग झिरप, तीन दिवस. भिंतीचं पोट कुठून आलं ते कळलं. काळ्या दगडाला सिमेंटने काही होत नाही, तो सिमेंटहूनही कणखर. पण पाण्याची वाट बुजली की पाणी पाठीमागे साठतं आणि सगळी भिंत पुढे ढकलतं. पोट मागे घेण्याचा प्रयत्न करणार नाही. दोन पितळी खिळे पक्के केले, त्यांच्यातलं अंतर दर पंधरवड्याला व्हर्नियरने मोजायचं. आज २११.४ मिमी. तळाशी पाणी वाहून जायला सहा दर्जा कायम उघड्या ठेवल्या.

२२ एप्रिल

पायऱ्या. अकराही उचलून पुन्हा बसवल्या. खालची भर वाहून गेली होती, दगडाचा चुरा आणि मसाला घालून ठोकून घेतली. पायरीला पुढे किंचित उतार, मीटरला एक सेंटिमीटर, नाहीतर पाणी आतल्या सांध्यात मुरतं. चार पायऱ्या मध्ये झिजून वाटीसारख्या झाल्या आहेत. बदलायच्या नाहीत. ती झीज घागरी नेणाऱ्या बायकांच्या पायांची आहे. फक्त एक तुटलेली पायरी नवी घातली, तिच्या कडेला खाली बारीक अक्षरांत साल कोरलं, म्हणजे पुढच्याला फसवणूक वाटणार नाही.

२९ एप्रिल

चूक. २४ तारखेला पूर्वेच्या भिंतीवर अकरानंतर भरलेल्या दर्जा आज नखाने भुकटी होऊन निघाल्या, ३२ मीटर. तापलेल्या दगडाने मसाल्यातलं पाणी शोषून घेतलं आणि गोणपाट दुपारी वाळले. ओलावाच नसेल तर चुना हवाही घेत नाही. सगळं खरवडून काढलं.

आतापासून: आदल्या संध्याकाळी भिंत भिजवायची, सकाळी पुन्हा शिंपडायची, काम सहा ते दहा, वर हिरवी शेडनेट, गोणपाट दिवसातून चार वेळा ओले, दहा दिवस. दर्ज एका दमात भरायची नाही. आधी मागचा भाग दगडी कपच्या दाबून, दुसऱ्या दिवशी पुढचा. कडेवर मसाला पसरवून ‘छान’ करायचं नाही, तो पातळ पापुद्रा पहिल्या पावसात सुटतो. गोणपाटाची जबाबदारी शेजारच्या वस्तीतल्या चार बायकांनी घेतली, मजुरीवर. श्रमदानावर हे काम सोपवता येत नाही. एक दुपार चुकली तरी आठवड्याची मेहनत जाते.

११ मे

आसरांचा कोनाडा. शेंदराची खोळ दोन बोटं जाड, तिच्याखाली कोरीव काम असावं. काढून पाहायची इच्छा आमच्यातल्या एकाला फार होती. पूजा करणाऱ्या बायकांना विचारलं. त्या ‘नको’ म्हणाल्या. विषय संपला. तेवढं मात्र मान्य झालं की तेलाचा दिवा भिंतीला टेकवून न ठेवता पुढच्या दगडी पाटावर ठेवायचा आणि हिरव्या बांगड्या, नारळ पाण्यात न सोडता वरच्या टोपलीत.

दोन्ही थारोळी देवळापुढून आणून जागेवर बसवली. देवळापुढे बसायला दोन नवे दगड दिले, नाहीतर संध्याकाळी बसणाऱ्यांची तक्रार आली असती.

२५ मे

पाणी आपोआप २.१ मीटर चढलं, स्वच्छ. नियम ठरले आणि फळ्यावर लागले. दोन अश्वशक्तीहून मोठा पंप नाही. पाळी जुन्या हिश्शांप्रमाणे, पातळी तळापासूनच्या सातव्या थराच्या खाली गेली की उपसा बंद. गणपती विसर्जन बारवेत नाही, त्यासाठी ग्रामपंचायत वेगळा हौद भरून देणार. दर मार्चमध्ये एक दिवस गाळ, तण आणि रोपं काढायची. बोटभर उंबर हाताने निघतो, मनगटाएवढ्याला नऊ चिरे उतरवावे लागतात.

छताचा विषय पुन्हा निघाला. या वेळी हिस्सेदारांनीच नको म्हटलं, पत्र्यावरचं पाणी काठावर पडेल म्हणून. दिव्यांचं अजून ठरलेलं नाही.

उरलेला चुना, अंदाजे ८० लिटर, पाण्याखाली झाकून ठेवला आहे. तो खराब होत नाही, मुरत जातो.

१७ जून

पहिला मोठा पाऊस, रात्रभर. सकाळी पाहणी. सोडलेल्या सहा दर्जांपैकी पाचांतून पाणी येत आहे, दक्षिणेकडची एक कोरडी, तिच्यात बहुधा कामाच्या वेळी मसाला गेला. तारेने मोकळी करायची. खिळ्यांमधलं अंतर २११.५. पूर्वेच्या दुसऱ्यांदा भरलेल्या दर्जा शाबूत. तेराव्या पायरीवर पाणी साचतं, उतार उलटा बसला आहे, पावसाळ्यानंतर उचलावी लागेल. उत्तर भिंतीत, उंबर होता त्याच्या दोन हात उजवीकडे, दोन पानांचं नवं रोप. काढलं.